चिंचेच्या पाण्यातला चेहरा

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. ज्या दोघा मित्रांबरोबर रोज संध्याकाळी रेल्वेफाटकापर्यंत फिरायला जातो, त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुमचा-माझा चेहरा एकमेकांना ठाऊक नाही — ठाऊक असता तर बहुधा आजही गप्प बसलो असतो. तेव्हा हे धैर्य आहे असं समजू नका.

कुठून सुरुवात करू? काट्यापासून करतो.

मी तुमसरला एका राईस मिलमध्ये हिशेब लिहितो. माझे वडील सोनारकाम करीत. ते गेले, भट्टी विझली, हत्यारं विकली गेली, पण त्यांचा लहान काटा आणि वजनं मी ठेवून घेतली. आमच्या भागात लग्नसराई आली की जुना दागिना मोडून नवा करतात. मोडायला नेण्याआधी गल्लीतल्या, मग आसपासच्या गावातल्या बायका तो माझ्या ओसरीवर आणून वजन करून घेऊ लागल्या. मी सोनं घेत नव्हतो, विकत नव्हतो, मोबदला मागत नव्हतो. त्यामुळे माझ्या तोंडून निघालेलं वजन म्हणजे शेवटचा शब्द. ‘वसंताभाऊच्या काट्यावर पाह्यलं’ असं म्हटलं की सराफही वाद घालीत नसे.

वजनाची रीत साधी होती. दागिन्यात खडा असेल, काच असेल, लाख भरलेली असेल, तर तिचं वजन वजा करायचं. उरेल ते सोनं. आमच्याकडे दागिना म्हणजे सोनंच; बाकी सगळी भरती. आणि सोन्याबद्दल शंका आली तर वडिलांची एक पद्धत मी उचललेली होती — चिंचेच्या पाण्यात उकळायचं. खरं असेल तर उजळून निघतं, खोटं असेल तर काळं पडतं. ही परीक्षा सगळ्यांना ठाऊक होती. चुलीवर चिंचेच्या पाण्याचा गंज, म्हणजे पातेलं, चढलं की बायका पदर सावरून पुढे सरकत, जणू देवाचा कौल लागायचा आहे.

हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढे मी जे बोललो ते टिकलं, कुणी उलट विचारलं नाही, त्याचं कारण हेच — मी खोटं बोलत नाही, हे साऱ्यांना माहीत होतं.

आता आत्याबद्दल. तिच्याबद्दल लिहिताना हात अडतो. पण तिच्याशिवाय ही गोष्टच नाही.

यमुनाआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. अंगावर पिणारी मुलगी असताना विधवा झाली. सासरच्यांनी ठेवलं नाही. आणि आम्ही? आमच्याही घरात तिला जागा झाली नाही — माझ्या वडिलांनी ‘पाहू’ म्हटलं, काकांनी ‘पाहू’ म्हटलं, आणि पाहता पाहता ती लेकीला घेऊन चिखल्याला निघून गेली. तिथे मँगनीजची खाण. खाणीचा मॅनेजर गोरा होता, त्याच्या बंगल्यावर लहान मुलाला सांभाळायला बाई हवी होती. आत्या आया म्हणून राहिली.

आमच्या नात्यात तेव्हा काय काय बोललं गेलं ते सगळं लिहीत नाही. मडमेचं उष्टं खाते, असं म्हणत. लग्नाकार्याला आली तर तिला वेगळं ताट मिळे, तेही पंगत उठल्यावर. स्वयंपाकघरात तिला कोणी शिरू देत नसे. माझी काकू त्यात सगळ्यांच्या पुढे. आत्या हे सगळं ऐकून घेई आणि हसे. हसायला तिच्याजवळ एक कारण होतं.

ते कारण म्हणजे एक ब्रोच, कपड्याला लावायची शोभेची पिन.

मडमेचा मुलगा एकदा तापानं अगदी जायला टेकला होता. आत्यानं त्याला उचलून घेतलं ते ताप उतरेपर्यंत खाली ठेवलं नाही. पुढे ते कुटुंब विलायतेला परत निघालं, तेव्हा तुमसर रोड स्टेशनवर, खाणीचे बाबू, मुकादम, हमाल सगळे बघत असताना, मडमेनं आपल्या गळ्याजवळची पिन काढली आणि आत्याच्या लुगड्याच्या पदराला लावली. म्हणाली — आत्या हे सांगताना नेहमी आवाज खाली आणी — ‘हे माझ्या आईचं आहे. आता तुझं.’

किती वेळा ऐकलं असेल मी हे! आणि दरवर्षी नाताळच्या सुमारास विलायतेहून तिला एक कार्ड येई. ते मी वाचून दाखवायचो आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत उत्तर लिहून द्यायचो. आत्या सांगे, ‘लिही, लता मोठी झाली. लिही, बाबाले मुके सांगितले.’ तो बाबा, मडमेचा मुलगा, आता मिशीवाला झाला असेल, असं मी म्हटलं की म्हणे, ‘असू दे ना. मिशीवरून देजो म्हना.’

ती वस्तू दिसायला कशी होती? बोराहून मोठी, लांबट गोल. तपकिरी पाठीवर पांढऱ्या रंगात उठावाचा एका बाईचा चेहरा, बाजूनं पाहिलेला. केसांत द्राक्षाची पानं गुंफलेली, मानेवर एक सुटलेली बट. भोवती सोन्याची पिळाची कड, मागे पिन. आमच्याकडे कोणी तसं काही पाहिलं नव्हतं. बायका म्हणत, ‘हे काय वं, देवी हाये का कोन?’ आत्या म्हणे, ‘मडमेच्या मायची वस्तू हाये.’ तिच्या दृष्टीनं तेवढी ओळख पुरेशी होती.

सत्तर साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. लताचं लग्न ठरलं, सानगडीच्या एका शेतकरी घरात. चांगली माणसं होती. आत्या चिखल्याहून मुद्दाम आली, ओसरीवर बसली, कनवटीची पुरचुंडी सोडली आणि ब्रोच माझ्या हातात ठेवला. नागपूरला दाखव म्हणाली — कशाचं आहे, काय मोलाचं आहे ते विचार, आणि मागे एक कडी लावून आण. लताच्या गळ्यात साखळीत घालायचं होतं. तिला पैसा करायचा नव्हता. सानगडीच्या मांडवात, आमच्या सगळ्या नात्यादेखत, तिला ते लेकीच्या गळ्यात पाहायचं होतं. त्या घरात, त्या बंगल्यात, मी मोलकरीण नव्हते — हे तिला एकदा न बोलता सांगायचं होतं. हे मला तेव्हा कळलं होतं का? कळलं होतं. म्हणून तर लिहिणं भाग आहे.

जाताना म्हणाली, ‘जसंच्या तसं ने गा बापू, आन जसंच्या तसं आन.’

मी तसं नेलं नाही.

वस्तू मळली होती. पिळाच्या कडेत वर्षानुवर्षांचा मळ साचलेला, पानांच्या खाचांत काळपट रेघा. नागपूरच्या सराफापुढे अशी मळकट वस्तू ठेवायची? आणि सोनं खरं की मुलामा, हे आधी आपल्याला ठाऊक असावं — मला सवय ना, आकडा हातात घेतल्याशिवाय पाऊल न उचलण्याची. रविवारी दुपारी मी चिंच भिजवली, पाणी गंजात काढलं, स्टोव्हवर ठेवलं आणि ब्रोच त्यात सोडला. तेवढ्यात मिलमधला एक जण आला. चहा झाला, गप्पा झाल्या. तो गेल्यावर मी चमच्यानं ब्रोच बाहेर काढला.

आणि मला आनंद झाला. हे मी लपवत नाही. कड लखलखत होती. सोनं अस्सल होतं. मी आधी सोनंच पाहिलं. चेहऱ्याकडे नजर गेली ती नंतर.

चेहरा गेला होता. म्हणजे होता, पण चुन्याच्या भिंतीवर पाऊस पडून गेल्यावर चित्र राहतं तसा. नाकाचं टोक नाही. ओठ एकमेकांत मिसळलेले. मानेवरची बट पुसली गेलेली. बोट लावलं तर बोटाला पांढरी भुकटी लागली.

मी तिथेच स्टोव्हपाशी बसलो. पहिला विचार काय आला असेल? आत्याचा? नाही. पहिला विचार आला — म्हणजे हे खोटं होतं. सोनं खरं, पण आतलं चित्र खोटं, पेस्टचं नाहीतर खडूचं काहीतरी. खरं असतं तर चिंचेनं काय केलं असतं? खऱ्याला चिंच काही करत नाही. लहानपणापासून मी हेच पाहिलं होतं. आणि त्या विचारानं मला — हे लिहायला लाज वाटते — हायसं वाटलं. मी बिघडवलं नव्हतं. मी फक्त उघडं पाडलं होतं.

पुढच्या सुट्टीला नागपूरला गेलो. इतवारीत सराफ्याच्या एका बोळात जुन्या वस्तू घेणारे एक शेठजी होते. जाडे, हसरे, मांडीवर पानाचा डबा. मी ब्रोच पुढे केला, म्हटलं, बघा हो, काहीतरी नकली दिसतं.

त्यांनी भिंग लावलं आणि हसणं थांबवलं.

‘कोनी केलं हे?’

मी म्हणालो, ‘आमच्या गावच्या सोनारानं.’

हे पहिलं खोटं. मागून कुणी ढकललं नव्हतं, कुणी विचारपूस करून कोंडीत पकडलं नव्हतं. एका अनोळखी माणसानं साधा प्रश्न विचारला आणि मी माझ्याच बापाच्या धंद्याकडे बोट दाखवलं.

शेठजींना रागही आला होता आणि शिकवायची हौसही होती. त्यांनी ब्रोच दिव्यासमोर धरला. तपकिरी भाग आतून निखाऱ्यासारखा उजळला आणि चेहऱ्याची सावली पलीकडून दिसली. ‘शिंपला हाये हा. समुद्रातल्या मोठ्या शंखाचा. वरचा थर पांढरा, खालचा भुरा. कारागीर वरचा थर कोरत जाते आन खालचा तसाच ठेवते. यालेच कॅमिओ म्हनतात.’ मग मागची बाजू दाखवली, शिंपल्याच्या पोटासारखी किंचित खोलगट. दाताला लावून पाहायला सांगितलं — दगड याहून गार आणि जड लागतो, प्लॅस्टिक कोमट आणि हलकं. साच्यातून काढलेलं असेल तर सगळीकडे सारखी गुळगुळीत गोलाई येते. हातानं कोरलेल्यात हत्याराच्या बारीक रेघा राहतात. केसांतल्या द्राक्षपानांच्या मागे, जिथे पाणी कमी पोहोचलं होतं, तिथे त्या रेघा अजून होत्या. भिंगातून मी त्या पाहिल्या. एकेका पानाला एकेक शीर. शंभर वर्षांचं तरी काम असावं, असं ते म्हणाले.

मी सवयीनं विचारलं, ‘वजन काय धरायचं याचं?’

‘काट्यावर नका चढवू हो याले. सोनं तं नुसतं धराले हाये. मोल चेहऱ्याचं असते. नाक पाहा, ओठ पाहा, हात किती सफाईचा ते पाहा.’ मग जीभ टाळूला लावून चक् केलं. ‘आता काय पाहता.’

सांभाळायचं कसं तेही त्यांनी सांगितलं, मी विचारलं नसताना. आंबट काही लागू द्यायचं नाही, चिंच नाही, लिंबू नाही, अत्तर नाही, उन्हात, चुलीजवळ ठेवायचं नाही, शिंपला सुकून तडकतो. मऊ कापडानं पुसायचं, अधूनमधून गोड्या तेलाचं बोट फिरवून टिपून घ्यायचं, आणि कापसात वेगळं ठेवायचं, दुसऱ्या दागिन्याला घासू न देता. मी मान डोलवत होतो. एखाद्या मेलेल्या माणसाच्या उशाशी बसून त्याची पथ्यं ऐकावीत तसं ते होतं.

चेहरा शाबूत असता तर काय मिळालं असतं, तेही ते बोलले. तो आकडा मला पाठ आहे. इथे लिहीत नाही, कारण आत्याचं नुकसान त्या आकड्यात मावत नाही.

तर आता बघा. नागपूरला गेलो नसतो तर माझं पुढचं बोलणं ही चूक ठरली असती. अडाणीपणा ठरला असता. पण मी गेलो होतो. मला सगळं समजलं होतं — शिंपला कसा ओळखायचा, हात कसा ओळखायचा, चिंचेनं काय होतं. एवढं जाणणारा माणूस त्या दिवशी आख्ख्या तुमसरात दुसरा नसेल. त्या जाणतेपणाचं मी काय केलं?

परतीच्या गाडीत मी खरं सांगायची तयारी केली. शब्दसुद्धा ठरवले होते. ‘आत्या, वस्तू अस्सल होती, माझ्या हातून बिघडली.’ एवढंच वाक्य. ते मी मनात इतक्यांदा म्हटलं की तुमसर रोडला उतरेपर्यंत मला ते बोलून झाल्यासारखंच वाटायला लागलं होतं.

घरी आलो तर ओसरीवर आत्या बसलेली. तिला बोलावलं नव्हतं, तिची तीच चिखल्याहून खाणीच्या ट्रकमध्ये बसून आली होती. माझी बायको तांदूळ निवडत होती. आणि काकू, पाय पसरून.

‘काय गा, आनला काय रानीचा हार?’ काकू म्हणाली. ‘बाई सकाळपासून वाट पाहून राहिली. मी म्हनलं, बापू टांग्यानं येते का तिजोरीच्या गाडीनं?’

आत्या हसली. मी पाकीट काढलं, कापूस उघडला. मला ते आत्याच्या हातात द्यायचं होतं. काकूनं मधेच उचललं.

‘अवो माय! हे तं विटलं! चिंचेत घातलं होतं काय?’

मी हो म्हटलं. ते खरं होतं.

‘मंग काय राहिलं विचाराचं? खरं असतं तं विटलं असतं काय?’ आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. बायकोनं पाहिलं. आत्यानं पाहिलं. काट्याचं पारडं स्थिर व्हायची वाट बघतात, तसं तिघीही बघत होत्या.

मी म्हणालो, ‘हो. नकलीच आहे ते.’

इथे मी थांबू शकलो असतो. एवढं वाक्य काकूनं माझ्या तोंडात घातलं, असं मनाशी म्हणता आलं असतं. पण मी पुढे बोललो, कुणी विचारलं नसताना. ‘शेठजींनी बघताक्षणी सांगितलं. कड तेवढी सोन्याची. आतलं असलं काही तिकडे विलायतेत जत्रेत मिळतं.’

जत्रेत मिळतं. हे शब्द कुठून आले? ते गाडीत ठरवले नव्हते. माणूस खोटं बोलायला लागला की किती सहज तपशील भरतो — मी, ज्यानं हिशेबात एक आकडा कधी अंदाजानं लिहिला नाही.

का बोललो? विचार केला आहे मी त्यावर. ‘वसंताभाऊच्या हातून बिघडलं’ हे वाक्य मला गल्लीत फिरू द्यायचं नव्हतं. एवढंच. याहून खोल काही सापडत नाही.

आत्यानं ब्रोच हातात घेतला, त्या पुसट चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. मग विचारलं, ‘तुनं सोता पाह्यलं ना, बापू?’

‘पाहिलं.’

‘मंग तसंच असंल.’

तिनं शेठजींच्या नावावर विश्वास ठेवला नाही, बघा. माझ्यावर ठेवला. तिनं तो माझ्यासमोर पाटावर ठेवला. ‘राहू दे तुह्यापाशीच. मले कायले पाह्यजे जत्रेतलं.’ चहा घेतला नाही. बसस्टँडवर जायला उठली. काकू मागून म्हणाली, ‘मी तं पयलेपासूनच म्हनत होती, मडम कायले देते खरं?’

सानगडीचं लग्न चांगलं झालं. लताच्या गळ्यात मंगळसूत्र आणि काळी पोत, एवढंच. मांडवात काकूनं सगळ्यांदेखत विचारलं, ‘मडमेचं पदक नाही आनलं काय?’ मी आत्याच्या बाजूलाच उभा होतो. आत्या म्हणाली, ‘मडम ते मडमच होती वं. आपली थोडीच होती.’

तिच्या तोंडून असं मी पहिल्यांदा ऐकलं. आणि मग ते वाढत गेलं. पूर्वी ती सांगे, मडमेनं मला समोर खुर्चीवर बसवून चहा पाजला. आता सांगू लागली, साखर मोजून द्यायची. पूर्वी सांगे, बाबा आजारी असताना मडम माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आता म्हणे, तिला झोप प्यारी होती, म्हणून मला रात्र रात्र उभं केलं. गोष्टी त्याच. बाई तीच. मी फक्त एका वस्तूबद्दल खोटं बोललो होतो, पण आत्या त्या खोट्याला धरून मागे मागे जात आपली सगळी वर्षं तपासून बघत होती, आणि प्रत्येक ठिकाणी तिला आता फसवणूक सापडत होती.

नाताळला कार्ड आलं. मी ते घेऊन चिखल्याला गेलो. आत्या शेणानं अंगण सारवत होती. हात न धुता म्हणाली, ‘वाचू नको. आन उत्तरही लिहू नको.’ मी म्हटलं, लिहितो दोन ओळी. म्हणाली, ‘काहून? तिनं हासावं म्हनून?’ त्या वेळी तरी सांगायचं होतं. आम्ही दोघंच होतो. काकू नव्हती, गल्ली नव्हती. अंगण होतं आणि खाणीच्या भोंग्याचा आवाज. मी कार्ड खिशात घातलं आणि बसनं परत आलो.

त्यानंतर आणखी दोन कार्डं आली. मग यायची थांबली. तिकडे एक म्हातारी बाई उत्तराची वाट बघून काय समजली असेल? यमुना मेली, असं समजली असेल? की विसरली, असं?

लोक माझ्याकडे दागिने आणतच राहिले. उलट जास्त आणू लागले. घरच्या माणसालासुद्धा हा माणूस खरं सांगायला कचरत नाही, अशी माझी ख्याती झाली होती. चिंचेचं पाणी मात्र मी पुन्हा कधी उकळलं नाही. ते प्रायश्चित्त नव्हतं. मला तो वास सहन होत नसे, इतकंच.

ऐंशीनंतरच्या वर्षांत आत्या थकली. लतानं तिला सानगडीला नेलं. धानाच्या कापणीच्या दिवसांत लताचा निरोप आला की येऊन जा, आईचं आता खरं नाही. मी निघालो तेव्हा ब्रोच खिशात घेतला. शेठजींनी सांगितलं होतं तसा मी तो इतकी वर्षं सांभाळला होता, तेलाचं बोट फिरवून, कापसात, उन्हापासून दूर. जे उरलं होतं ते आणखी बिघडू दिलं नव्हतं. यात काय अर्थ होता, विचारू नका. साकोलीला बस बदलली. वाटेत तेच वाक्य पुन्हा घोकलं — वस्तू अस्सल होती, माझ्या हातून बिघडली.

आत्या पडवीत बाजेवर होती. समोर अंगणात धानाच्या पेंढ्या. लता उशाशी बसून तिला पेज भरवत होती. मला पाहून आत्यानं वाटी बाजूला करायला लावली. बसायला सांगितलं. माझा हात धरला. मी दुसरा हात खिशात घातला. कापूस बोटांना लागला.

ती लताला म्हणाली, ‘पाह्य पोरी. या एकट्यानं मले खरं सांगतलं. बाकीचे मले फसू देत होते आन मनात हासत होते. हा नसता तं मी ते खोटं तुह्या गळ्यात घातलं असतं, तुह्या सासरी हासू झालं असतं.’ मग माझ्याकडे वळून, ‘तुले किती जड गेलं असंल ना गा बापू, तोंडावर सांगाले. मले समजत होतं.’

लताचे डोळे भरून आले. तिनं माझ्याकडे पाहिलं — कृतज्ञतेनं.

मी खिशातला हात बाहेर काढला. रिकामा.

ती शांतपणे जाते आहे, तिला आता कशाला ढवळायचं, असा एक विचार मी त्या क्षणी केला. तो दयेचा विचार नव्हता. दया असती तर ती त्या ओसरीवर आली असती, चिखल्याच्या अंगणात आली असती. लतानं मला मान द्यायला सुरुवात केली होती आणि मला तो हवा होता. मी आत्याला म्हटलं, ‘पेज घे, गार होईल.’

तीन दिवसांनी ती गेली. जिनं आपल्या आईची वस्तू स्टेशनभर माणसांसमोर तिच्या पदराला लावली होती, त्या बाईनं आपल्याला जत्रेतला माल देऊन बनवलं, असं समजून गेली. त्या बाईनं तिला बनवलं नव्हतं. मी बनवलं.